सही, फूड स्टॅम्प आणि हरणाची रायफल

अमेरिकेत बंदुकीच्या दुकानात रायफल पसंत पडली की दुकानदार गिऱ्हाइकापुढे एक फॉर्म ठेवतो. फॉर्म 4473. नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची, वजन आणि मग ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा चौकटींची रांग. त्यातला एक प्रश्न विचारतो, की तुम्ही कधी फेलनीबद्दल, किंवा ज्यासाठी न्यायाधीश एक वर्षाहून जास्त कैद देऊ शकला असता अशा कुठल्याही गुन्ह्याबद्दल दोषी ठरला आहात का? त्याला पुस्ती जोडलेली असते: प्रत्यक्षात त्याहून कमी शिक्षा झाली असली, नुसत्या प्रोबेशनवर निभावलं असलं, तरी उत्तर ‘हो’च द्यायचं.

सगळी मेख त्या ‘देऊ शकला असता’मध्ये आहे. न्यायाधीशाने काय दिलं हे कायदा विचारतच नाही. तो काय देऊ शकला असता, एवढंच पाहतो.

1998 साली पेनसिल्व्हेनियातल्या ब्रायन रेंज नावाच्या माणसाने बंदूक विकत घ्यायचा प्रयत्न केला. त्या राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम म्हणजे जवळजवळ सणच. हंगामाच्या पहिल्या सोमवारी कित्येक गावांत शाळांना सुट्टी देण्याची जुनी रीत आहे. दुकानदाराने चौकशी केली आणि नकार आला. का, ते रेंजला कळेना. संगणकाची काहीतरी चूक असावी असं समजून बायकोने त्याच्यासाठी हरणाच्या शिकारीची रायफल आणली. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याला खरं कारण समजलं, तेव्हा त्याने ती रायफल दुकानदाराला विकून टाकली.

कारण 1995 सालातलं होतं. तेव्हा तो तासाला नऊ-साडेनऊ डॉलरवर लोकांच्या अंगणातलं गवत कापत असे. घरात तीन लहान मुलं, आठवड्याची मिळकत जेमतेम 300 डॉलर. बायकोने फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे सरकारी धान्य-मदतीसाठी, अर्ज भरला आणि त्यात त्याची मिळकत पूर्ण दाखवली नाही. खाली दोघांची सही होती. त्याने दोष कबूल केला. शिक्षा झाली तीन वर्षं प्रोबेशन, घेतलेल्या 2,458 डॉलरची परतफेड, शिवाय 100 डॉलर दंड आणि सुमारे 288 डॉलर खर्च. तुरुंगात तो एक दिवसही गेला नाही. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात तो गुन्हा फेलनीसुद्धा नव्हता, मिसडिमीनर या हलक्या वर्गातला होता. पण त्याला कमाल शिक्षा होती पाच वर्षं. न्यायाधीश पाच वर्षं देऊ शकला असता, म्हणून या माणसाने उरलेल्या जन्मात बंदुकीला हात लावायचा नाही असं केंद्राच्या कायद्याने ठरवलं. त्यानंतरच्या वर्षांत त्याच्या नावावर काय जमा झालं? वाहतुकीचे किरकोळ दंड आणि परवान्याशिवाय मासेमारी केल्याची एक नोंद.

बंदी उठवावी म्हणून रेंजने न्यायालयात केलेल्या तक्रारीने पुढे अमेरिकेतल्या घटनेच्या वादांपैकी एका अवघड वादाला तोंड फोडलं. पण त्याआधी हा कायदा आला कुठून, ते पाहायला हवं.

आपल्याकडे गुन्हे दखलपात्र आणि अदखलपात्र असे विभागतात. फेलनी आणि मिसडिमीनर हा भेद तसा नाही. इंग्रजी कायद्यातून आलेला हा शब्द गुन्ह्याचं वजन सांगतो: ढोबळपणे, एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते ती फेलनी. 1938च्या केंद्रीय कायद्यात बंदी फक्त हिंसक गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्यांवर होती. 1961 मध्ये ‘हिंसक’ ही अट गेली आणि एक वर्षावरच्या शिक्षेचा कुठलाही गुन्हा पुरेसा झाला. मग 1963 चा नोव्हेंबर आला. अध्यक्ष केनेडींवर ज्या रायफलमधून गोळ्या झाडल्या गेल्या ती ऑस्वाल्डने खोट्या नावाने टपालाने मागवली होती. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. त्याच ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल ॲक्ट’वर सही केली. आजची बंदी मुख्यतः त्या वर्षातली. कलम 922 (जी) मध्ये बंदी असलेल्यांची यादी आहे आणि फेलन, म्हणजे फेलनीत दोषी ठरलेले, तिच्यात पहिल्या क्रमांकावर आहेत. त्याच यादीत, काही अपवाद सोडून, तात्पुरत्या व्हिसावर आलेले परदेशी नागरिकही येतात. म्हणजे न्यू जर्सीत किंवा टेक्सासात एच-1बी व्हिसावर राहणारा आपला मराठी इंजिनियरही. बंदी मोडली तर आज कमाल शिक्षा 15 वर्षांची आहे. 2022 पूर्वी ती 10 वर्षं होती.

मराठी वाचकाला इथे एक अडखळ येते. बंदूक बाळगणं हा हक्क कसा असू शकतो? भारतात 1959च्या शस्त्र कायद्याने परवाना ही सरकारच्या मर्जीची गोष्ट आहे, आणि तो मिळवताना जिल्ह्याच्या कचेरीत किती हेलपाटे होतात ते अनेकांनी पाहिलं आहे. अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती 1791 ची आहे. शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क तिच्यात लिहिलेला आहे, आणि 2008 साली ‘हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की हा हक्क माणसाचा स्वतःचा आहे, कुठल्या नागरी सैन्यापुरता नाही. गंमत वाटेल अशी उलटी तुलना मात्र एका बाबतीत आहे. आपल्या कायद्यात हक्क नाही, पण हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्यावर शस्त्राची थेट बंदी आहे ती शिक्षा संपल्यावर पाच वर्षं. अमेरिकेत हक्क घटनेत आहे, पण बंदी जन्मभराची. हक्क नसलेल्या देशाच्या कायद्याने मुदत घातली, हक्क असलेल्या देशाच्या कायद्याने घातली नाही. हे मला विचार करण्यासारखं वाटतं.

हेलरच्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी एक वाक्य घातलं: फेलन आणि मनोरुग्ण यांच्यावरच्या जुन्या बंदींबद्दल या निकालाने शंका निर्माण होते असं कोणी समजू नये. पुढची चौदा वर्षं खालच्या न्यायालयांनी त्या वाक्याचा आधार घेऊन असे अर्ज एकामागून एक फेटाळले. ते वाक्य मूळ खटल्याला लागू नव्हतं. हेलर स्वतः पहारेकरी होता, गुन्हेगार नव्हता. त्यासाठी इतिहासाचा एकही दाखला दिलेला नव्हता. तरी ते भिंतीसारखं उभं राहिलं.

त्या भिंतीला एक नेमका तडा 2019 मध्ये गेला, तोही एका विरोधी मतातून. रिकी कँटर हा बुटात घालायच्या औषधी पट्ट्या विकणारा. मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेत न बसणारा माल त्याने बसतो म्हणून खपवला आणि टपालातून फसवणूक केल्याचा गुन्हा कबूल केला. शिकागोच्या अपील न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. पण तिसऱ्या न्यायाधीश एमी कोनी बॅरेट, ज्या पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यांनी वेगळं मत लिहिलं. इतिहासात धोकादायक माणसांची शस्त्रं काढून घेतलेली दिसतात, पण केवळ ‘फेलन’ हा शिक्का बसला म्हणून काढलेली दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मतदान आणि ज्युरीत बसणं हे नागरिक म्हणून मिळालेले हक्क आहेत, त्यांना सद्गुणाची अट घालता येते. स्वसंरक्षणाच्या हक्काला ती घालता येत नाही. बुटाच्या पट्ट्यांत लबाडी करणारा माणूस सचोटीचा नव्हे हे खरं, पण त्याच्या हातात बंदूक दिल्याने कोणाच्या जिवाला धोका कसा, हे सरकारने दाखवलं नाही.

मग 23 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा ‘ब्रुएन’ खटल्यातला निकाल आला आणि सगळी न्यायालयं ग्रंथालयांकडे धावली. न्यायमूर्ती थॉमस यांनी सांगितलं, की बंदुकीच्या कायद्याने किती जीव वाचतात, तो किती उपयोगी आहे, याचा ताळेबंद मांडायचा नाही. देशाच्या जुन्या परंपरेत अशा निर्बंधाचा दाखला आहे का, एवढंच पाहायचं. आणि तो दाखला शोधून देण्याचं ओझं सरकारवर. मिसिसिपीतले न्यायाधीश कार्लटन रीव्ह्ज यांनी तर एका फेलनच्या खटल्यात दोन्ही बाजूंना विचारलं, की या कामासाठी एखादा इतिहासकार नेमू का? 1791 मधल्या श्रीमंत गोऱ्या पुरुषांना बंदुकीच्या नियमांबद्दल काय वाटत होतं, यात आम्ही न्यायाधीश तज्ज्ञ नाही, हे त्यांनी उघडपणे लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी तो आरोप रद्द केला. 2024 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला.

त्या जुन्या कागदांत काय सापडतं, ते पाहण्यासारखं आहे, कारण दोन्ही बाजूंची अडचण तिथेच आहे.

सरकारचा हुकमाचा पत्ता मृत्युदंडाचा. अठराव्या शतकात घोडा चोरणं, खोटे सरकारी रोखे बनवणं अशा गुन्ह्यांनाही फाशी असे. ज्याचा जीव घेता येत होता त्याची बंदूक घेता येणार नाही का, असा सरकारी वकिलांचा सवाल. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण फाशीतून सुटलेल्या माणसाचं काय होत होतं? शिक्षा भोगून तो गावात परत आला, तर त्याला बंदूक घेण्यावर जन्मभराची बंदी घालणारा कायदा त्या काळात सापडत नाही. बेकायदा शिकारीत वापरलेली बंदूक जप्त होई. दुसरी घ्यायला मनाई नसे. आणि ज्या गुन्ह्याला आज पाच वर्षं आहेत त्याला त्या काळी फाशी होती म्हणून आजच्या माणसाचा हक्क गेला, हा युक्तिवाद ताणला तर जवळजवळ कुठलाही हक्क त्यात बुडतो.

दुसरा पुरावा माणसांच्या गटांची शस्त्रं काढून घेणाऱ्या कायद्यांचा. इंग्लंडात कॅथलिकांची काढली. क्रांतीच्या काळात पेनसिल्व्हेनियाने निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांची काढली. वसाहतींनी गुलामांची, मुक्त कृष्णवर्णीयांची, मूळ रहिवाशांची काढली. आज हेच कायदे दाखला म्हणून न्यायालयात मांडले जातात: राज्यकर्ते ज्या गटाला धोकादायक मानत त्याला नि:शस्त्र करत, सबब काँग्रेसलाही, म्हणजे अमेरिकी संसदेलाही, तो अधिकार आहे. हे वाचताना मला 1878चा आपला हत्यारबंदीचा कायदा आठवल्यावाचून राहत नाही. लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदी माणसाला परवान्याखाली आणलं आणि युरोपियनांना मोकळं ठेवलं. तोही ‘धोक्या’च्याच नावाखाली. धोका कोणापासून, हे ज्याच्या हाती सत्ता तो ठरवत होता. असल्या कायद्यावर आजचा हक्क तोलायचा म्हणजे ज्या वजनमापात खोट होती तेच पुन्हा काट्यावर ठेवायचं. बॅरेट यांच्यासारख्या न्यायाधीशांनीही हे कायदे आज घटनाबाह्य ठरतील हे मान्य केलं आहे. तरी त्यांतून जुनी समजूत काय होती ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण ब्रुएनने दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता.

ब्रुएनची ही तऱ्हा सर्वोच्च न्यायालयालाच दोन वर्षांत जड गेली. झॅकी रहिमी हा टेक्सासचा तरुण. प्रेयसीला मारहाण केल्याबद्दल न्यायालयाने त्याला तिच्यापासून लांब राहण्याचा आदेश दिला होता, आणि तो असेपर्यंत बंदुकीला बंदी होती. त्याच्यावर एकामागून एक गोळीबारांचे आरोप होते. त्यातला एक असा, की खाण्याच्या दुकानात मित्राचं कार्ड चाललं नाही म्हणून त्याने हवेत गोळ्या झाडल्या. खालच्या न्यायालयाने, ब्रुएनची मोजपट्टी लावून, 1791 मध्ये असा कायदा नव्हता म्हणून बंदी रद्द ठरवली. 21 जून 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ती पुन्हा उभी केली. विरोधात एकटे थॉमस, म्हणजे ब्रुएन लिहिणारेच. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आधार घेतला तो जुन्या जामीन-कायद्यांचा: ज्याच्याकडून शांतता बिघडण्याची भीती आहे त्याने चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायची, नाहीतर आत जायचं. आपल्याकडे पोलीस ‘चॅप्टर केस’ करून जो बाँड घेतात, तो याच इंग्रजी घराण्यातला. हुबेहूब जुळं सापडायला नको, तत्त्व जुळलं तर पुरे, असं न्यायालय म्हणालं. रहिमीसारख्याची बंदूक तात्पुरती काढता येते, कारण एका न्यायाधीशाने त्या माणसाकडे पाहून, पुरावा ऐकून, तो धोकादायक आहे असं ठरवलं होतं.

‘त्या माणसाकडे पाहून’ आणि ‘तात्पुरती’. फेलनच्या बंदीत या दोन्ही गोष्टी नाहीत.

म्हणूनच रहिमीनंतर अपील न्यायालयांची तोंडं चार दिशांना गेली. कायद्याला दोन तऱ्हांनी आव्हान देता येतं. एक, हा कायदा मुळातच घटनाबाह्य आहे. दुसरं, माझ्यापुरता घटनाबाह्य आहे. पहिलं कोणीच मान्य केलेलं नाही. सशस्त्र दरोडेखोराला बंदूक परत द्या, असं म्हणणारं एकही अपील न्यायालय नाही. भांडण दुसऱ्याचं. फिलाडेल्फियाच्या तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या अपील न्यायालयाच्या, पूर्णपीठाने 2023 मध्ये आणि रहिमीनंतर फेरविचार करून 23 डिसेंबर 2024 रोजी 13 विरुद्ध 2 मतांनी रेंजच्या बाजूने निकाल दिला. सिनसिनाटीच्या सहाव्या सर्किटने सांगितलं, की बंदी चालेल, पण मी धोकादायक नाही हे दाखवण्याची संधी माणसाला मिळाली पाहिजे. सेंट लुइसच्या आठव्या सर्किटने मात्र गुन्ह्यागणिक, माणसागणिक निवाडा करायला साफ नकार दिला. पश्चिम किनाऱ्यावरच्या नवव्या सर्किटने आधी तीन न्यायाधीशांच्या निकालाने बंदी हाणून पाडली आणि मे 2025 मध्ये मोठ्या पीठाने ती परत आणली.

डेन्व्हरच्या दहाव्या सर्किटपुढे युटाच्या मेलिंडा व्हिन्सेंट होत्या. व्यसनाच्या काळात त्यांनी किराणा दुकानात 498 डॉलर 12 सेंटचा खोटा चेक वटवला आणि 2008 मध्ये बँक-फसवणुकीत दोषी ठरल्या. पुढे व्यसन सुटलं, त्यांनी शिक्षण पूर्ण केलं आणि व्यसनी माणसांना मदत करण्याच्या कामात उतरल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. म्हणजे पेनसिल्व्हेनियात 2,458 डॉलरची लबाडी पुसली गेली आणि युटात 498 डॉलरची जन्मभर चिकटली. घटना एकच, कलम एकच. 2025 संपेपर्यंत सर्वोच्च न्यायालयाने या फाटाफुटीवर थेट निर्णय दिलेला नव्हता. त्या ऑक्टोबरात त्याने सुनावणीला घेतला तो शेजारच्या पोटकलमाचा, अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या बंदीचा खटला.

बंदी राखू पाहणाऱ्यांना हसण्यावारी नेता येणार नाही. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46 हजारांहून जास्त माणसं मेली. निम्म्याहून जास्त आत्महत्या, पण खूनही सतरा हजारांवर. ज्याने एकदा माणसावर हत्यार उगारलं त्याच्या हाती पुन्हा ते पडू नये, यात कोणत्या आईबापाला शंका असेल? प्रश्न त्या कायद्याचं जाळं किती मोठं आहे हा आहे. एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे 2010 साली अमेरिकेत फेलनीचा शिक्का असलेले सुमारे 1 कोटी 90 लाख लोक होते: प्रौढांत बारामागे एक, कृष्णवर्णीय पुरुषांत तिघांमागे एक. दरवर्षी केंद्रीय न्यायालयांत सात-आठ हजार जणांना या 922 (जी) खाली शिक्षा होते, त्यात बहुसंख्य फेलन. म्हणून या लढ्यात बंदूक-हक्कवाल्या संघटनांच्या शेजारी गरीब आरोपींसाठी सरकारी खर्चाने लढणारे बचाव-वकील उभे दिसतात. न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय वकिलांनी ब्रुएनमध्येही बंदूक-हक्काच्या बाजूने निवेदन दिलं होतं, कारण परवाना नसल्याबद्दल कोणाची पोरं तुरुंगात जातात हे ते रोज पाहत होते.

यावरचा उपाय कायद्यातच होता, ही खरी हळहळण्याची गोष्ट. कलम 925 (सी) प्रमाणे बंदी आलेला माणूस सरकारकडे अर्ज करू शकतो: माझा इतिहास तपासा, माझ्यापासून धोका नसेल तर हक्क परत द्या. हे दार उघडलं गेलं 1965 मध्ये, तेही कोणा गवत कापणाऱ्यासाठी नव्हे. विंचेस्टर बंदुकांच्या मालक कंपनीने लाचखोरीच्या एका प्रकरणात गुन्हा कबूल केला होता. फेलन ठरलेली कंपनी बंदुका बनवणार कशी, या अडचणीतून ती सवलत जन्मली. व्यक्तींनाही ती मिळू लागली. मग 1992 मध्ये काँग्रेसने हे अर्ज तपासायला पैसा देणं बंद केलं. वेळ फार जातो आणि एक चूक झाली तर कोणाचा तरी जीव जाईल, ही त्यांची कारणं होती. कलम पुस्तकात राहिलं, अर्ज टपालातून परत येऊ लागले. कंपन्यांच्या अर्जांसाठी मात्र पैसा देण्याची मुभा पुढच्याच वर्षापासून ठेवली गेली.

टेक्सासचा बंदूक-व्यापारी थॉमस बीन याने ते दार ठोठावून पाहिलं. 1998 मध्ये लारेडोतल्या प्रदर्शनानंतर तो सोबत्यांसह पुलापलीकडे मेक्सिकोत जेवायला गेला. गाडीतला माल उतरवा म्हणून सांगितलं होतं, पण सुमारे 200 काडतुसांचा एक खोका मागे राहिला. मेक्सिकोच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि धंदा गेला. त्याचा अर्ज न तपासता परत आला. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की सरकारने अर्ज नाकारलेला नाही, नुसता पाहिलेला नाही, आणि न पाहिलेल्या अर्जावर न्यायालय काही करू शकत नाही. तीनच वर्षांनी त्याच न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात ठरवलं, की परदेशी न्यायालयातली शिक्षा या बंदीसाठी धरायचीच नाही.

न्यायाधीशांना 1791 मध्ये उत्तर शोधायला लागतं आहे ते या बंद दारामुळे, असं माझं मत आहे. फिर्यादी, शेजारी, मालक, तीस वर्षांची वागणूक हे सगळं तपासून एका माणसाबद्दल निर्णय घ्यायची जागा कचेरीत असते, ग्रंथालयात नसते. मार्च 2025 मध्ये न्याय खात्याने 925 (सी) चं काम ॲटर्नी जनरलकडे घेऊन ते दार पुन्हा उघडलं. पहिल्या दहा नावांत एक होतं अभिनेते मेल गिब्सन यांचं. 2011 मध्ये त्यांनी माजी जोडीदाराला मारहाण केल्याचा आरोप न लढता शिक्षा स्वीकारली होती. युटातल्या व्हिन्सेंटबाईंचं नाव त्या यादीत नव्हतं.